नर्सिंग होममध्ये एकटीची पहिली नाईट

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, कोल्हापूरला केला, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं आणि मी सरळ गावाकडे परत आले, सिंधुदुर्गात. तालुक्याच्या गावातलं १४ बेडचं नर्सिंग होम, नवरा-बायको दोघंही डॉक्टर, खाली हॉस्पिटल आणि वर त्यांचं घर. आमच्याकडची बरीच नर्सिंग होम्स अशीच असतात, रात्री वेगळा आरएमओ, म्हणजे ड्युटीवर जागा असलेला डॉक्टर, वगैरे काही नसतो. पहिला आठवडा सिनियर सिस्टरच्या मागेमागे फिरले आणि आठव्या दिवशी बोर्डावर नाव, नाईट, एकटी. एकटी म्हणजे मी, एक मावशी आणि ११ पेशंट, त्यातले ८ सत्तरीच्या पुढचे.

दोन वर्षं झाली त्याला, पण नव्याने लागणाऱ्या मुली अजून मला तेच विचारतात, भीती वाटते का गं, एकटीला जमतं का. भीती वाटते. पण मला जी वाटत होती ती चुकीच्या गोष्टीची होती. मला वाटायचं व्हेन मिळाली नाही तर काय, कॅथेटर जमलं नाही तर काय. हे सगळं हाताला बसतं हो, महिन्याभरात. खरी अडचण वेगळीच निघाली, ती म्हणजे वर झोपलेल्या डॉक्टरांना उठवायचं कधी आणि उठवून बोलायचं काय.

दुसऱ्याच नाईटला जे झालं ते सांगते.

५ नंबरला एक आजी होत्या, पायाला जखम, शुगर वाढलेली, इन्शुलिन चालू. मुलगा विरारला, इथे जवळचा म्हणजे एक पुतण्या, तो रोज संध्याकाळी गावातून डबा घेऊन यायचा. चार्टवर लिहिलेलं, रात्री जेवणाआधी इन्शुलिन. मी साडेसातला ओव्हर घेतली, म्हणजे आधीच्या सिस्टरकडून पेशंट ताब्यात घेतले, आणि आठच्या ठोक्याला इन्शुलिन दिलं, अगदी वेळेवर, मनात शाबासकी पण देऊन घेतली. डबा काही आला नाही. त्या दिवशी पाऊस असा होता की ओहोळाला पाणी आलं आणि पुतण्या पलीकडेच अडकला. आजींनी मला सांगितलं, "भूक नाय गो, चाय घेतलंय," आणि मी ते ऐकून पुढच्या बेडला गेले. बास, इथेच चुकले.

रात्री अडीचला आजी उठून बसल्या आणि म्हणायला लागल्या, "माका घराक जावचा आसा, गोरवांका चारो घालूचो आसा." मला वाटलं म्हाताऱ्या माणसांना रात्री होतं तसं, जागा बदलली की गोंधळतात, घर आठवतं. मी हात धरून समजावत बसले, आजी सकाळ होऊ दे, मग जाऊया. मावशी कोपऱ्यातून उठून आली, आजींच्या कपाळावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "बाय, ही काल अशी नाय होती. हात लावन बघ." हात लावला तर थंडगार आणि घामाने ओला. पंखा फुल, बाहेर पाऊस, आणि घाम. ग्लुकोमीटर आणायला धावले, शुगर ४८.

बेल दाबली, सर उतरेपर्यंत आजींच्या हातातली सलाईनची लाईन फ्लश करून चालू आहे ना बघितली. आजी पुरत्या शुद्धीत नव्हत्या म्हणून तोंडातून काही पाजलं नाही, हे लक्षात ठेवा, शुद्ध नीट नसेल तर ग्लुकोजचं पाणी पण फुप्फुसात जाऊ शकतं. सर आले, २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलीची बाटली हळूहळू द्यायला लावली, १५ मिनिटांनी परत शुगर, १३२. आजींनी डोळे नीट उघडले, इकडे तिकडे बघितलं आणि पहिला प्रश्न काय, "गे बाय, डबो इलो?" सरांनी स्वतः वर जाऊन मॅडमना उठवलं आणि पेज करून आणली. मला काही बोलले नाहीत. सकाळी राउंडला मात्र चार्टवर लाल पेनाने लिहिलं, ताट समोर आल्यावरच इन्शुलिन.

म्हणून नवीन मुलींना माझं पहिलं सांगणं हे की जेवणाआधीचं इन्शुलिन घड्याळ बघून देऊ नका, ताट बघून द्या. आमच्याकडे कॅन्टीन नसतं, डबे घरून येतात, एसटी चुकली की डबा चुकला. डबा आला नाही तर सरांना विचारा की डोस द्यायचा का, कमी करायचा का. आणि म्हातारं माणूस अचानक बडबडायला लागलं, ओळखेनासं झालं, की आधी शुगर बघा, मग ऑक्सिजन, बीपी, ताप, लघवी झाली की तुंबलीय ते, हे सगळं झाल्यावर मग म्हणा घराची आठवण. ७० च्या खाली शुगर म्हणजे कमीच. माणूस नीट शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर तीन-चार चमचे ग्लुकोज पाण्यात आणि १५ मिनिटांनी परत चेक.

इन्शुलिनचंच अजून एक, कारण याने माझी झोप उडते. आपल्याकडे ४० ची बाटली असते, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि १०० ची पण, आणि सिरिंज पण दोन. लाल टोपणाची ४० ला, केशरी टोपणाची १०० ला. १०० च्या बाटलीतलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत काढलं तर ते १० युनिट नाही, २५ जातात. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग मी अजूनही मोठ्याने वाचते, मावशी हसते मला, हसू दे.

आता फोन, म्हणजे उठवणं. पहिल्या महिन्यात मी कसं बोलायचे तर, "सर, ते ९ नंबरचे आजोबा बरे वाटत नाहीयेत." पलीकडून झोपेतला आवाज, "म्हणजे काय?" आणि मग मी चार्ट शोधायला पळणार, बीपी घ्यायला पळणार, सर होल्डवर. दोनदा असं झाल्यावर सिनियर सिस्टरने मला शिकवलं की फोन करायच्या आधी एक कागद घ्यायचा आणि त्यावर लिहूनच बोलायचं. आता मी असं बोलते: "सर, ९ नंबर, ७४ वर्षांचे आजोबा, दम्यासाठी ॲडमिट, कालपर्यंत बरे होते, आत्ता अर्ध्या तासापासून दम वाढलाय. पल्स ११८, बीपी १५० बाय ९०, ऑक्सिजन ८६ होता, दोन लिटर लावल्यावर ९०. बसवून ठेवलंय, नेब्युलायझेशन रात्री १० ला दिलेलं. परत देऊ का, आणि तुम्ही खाली येता का?" एवढंच. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका, नाहीतर डॉक्टर "बघ जरा" म्हणून फोन ठेवतात आणि आपण बघतच राहतो. फोनवर ऑर्डर मिळाली की ती परत वाचून दाखवायची, वेळ टाकून लिहायची आणि सकाळी सही घ्यायची.

आणि ओरडा मिळेल म्हणून थांबू नका. मला एकदा मिळाला, साध्या गॅसच्या दुखण्याला रात्री ३ ला उठवलं म्हणून. काही झालं नाही, दोन दिवस वाईट वाटलं. पण छातीत दुखतंय म्हणणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला गॅस आहे हे ठरवायचं काम माझं नाहीच मुळी.

ओव्हर घेताना खुर्चीत बसून वही वाचून घेऊ नका, बेडजवळ उभं राहून घ्या. मी सलाईन किती उरलंय ते, सुईची जागा सुजलीय का, लघवीची पिशवी, कंबरेखालची कातडी लाल झालीय का हे जाणाऱ्या सिस्टरसमोरच बघते. झोपून असलेल्यांना दर २ तासांनी कूस बदलायची, हे मावशीशिवाय होत नाही, त्यामुळे मावशीशी जमवून घ्या. ती १८ वर्षं आहे तिथे, मी दोन. रात्री ती भुताच्या गोष्टी सांगते, देवचाराच्या, त्या पण ऐकून घ्या, झोप येत नाही.

सलाईनच्या थेंबांचं गणित नर्सिंग स्कूलमध्ये पाठ असतं आणि रात्री ४ ला विसरतं. सेटच्या पाकिटावर लिहिलेलं असतं एका मिलीला किती थेंब, कुठे १५ कुठे २०, मायक्रोला ६०. ५०० मिली ८ तासांत द्यायचं तर २० च्या सेटला मिनिटाला साधारण २१ थेंब, १५ च्या सेटला १६. मी हे ट्रेच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय. त्याच्याच खाली लिहिलंय, पोटॅशियम कधीही शिरेत डायरेक्ट पुश नाही. ते अँप्युल मी बाकीच्या अँप्युल्सपासून वेगळ्या डब्यात ठेवते.

पावसाळ्याचं मात्र कोल्हापूरला कुणी शिकवलं नव्हतं. लाईट जाते, ती तासा-दोन तासाने येते किंवा सकाळीच येते. इन्व्हर्टरवर ट्यूब आणि पंखे चालतात, ऑक्सिजनचं मशीन, कॉन्सन्ट्रेटर, चालवलं की बॅटरी बसते, म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर. लहान बी टाईप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर, मिनिटाला ५ लिटरने चालवला तर ५ तास, काटा अर्ध्यावर असेल तर अडीच. मी ड्युटीवर आल्या आल्या काटा बघते आणि चावी कुठे टांगलीय ते बघते. चावी हरवलेला भरलेला सिलिंडर बघितलाय मी, म्हणून म्हणते.

लावणीच्या दिवसांत साप. फुरसं, घोणस, मण्यार, नाग, आपलं अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, या चारांवरच चालतं. लोक पाय करकचून बांधून आणतात, कुणी आधी गावठी पाला लावून येतं. बांधलेलं झटकन सोडू नका, डॉक्टर आल्यावर, लाईन लागल्यावर. आपण करायचं ते एवढंच, पेशंटला झोपवून ठेवा, पाय हलू देऊ नका, चिरू नका, चोळू नका, आणि २ मिली रक्त नव्या कोरड्या काचेच्या नळीत काढून २० मिनिटं हात न लावता उभी ठेवा. मग तिरकी करून बघायची, गोठलंय का. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेली पण नाही. मला पहिल्यांदा त्या २० मिनिटांत नळी हलवून बघायचा इतका मोह झाला ना, शेवटी मावशीच्या ताब्यात दिली. रक्त पातळच राहिलं होतं, म्हणजे विष भिनलेलं, फुरसं चावलेलं. सरांनी अँटीव्हेनम चालू केलं आणि १०८ बोलावून ओरोसला सिव्हिलला पाठवलं. अजून बिघडलं तर इथले लोक गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला धावतात, कोल्हापूरला न्यायचं तर पावसात आधी घाट चालू आहे का विचारायला लागतं.

चाकरमान्यांचे फोन हा वेगळाच विषय. रात्री ११ नंतर मुंबईहून येतात, "सिस्टर, खरं सांगा, आई वाचेल ना?" मुलगा रडत असतो, ट्रेनचं तिकीट नसतं, आपल्याला वाटतं काहीतरी बरं बोलावं. मी आता एवढंच सांगते की आत्ता झोपल्यात, जेवल्या, ताप नाही, आणि सर ९ ला राउंडला असतात तेव्हा बोला. वाचेल की नाही याचं उत्तर आपण द्यायचं नाही, हो पण नाही आणि नाही पण नाही. जेवल्या असतील तरच जेवल्या म्हणा, हे पण आहेच.

अजून एक, जॉइन होताना सगळ्या मुली पगार विचारतात. विचारा, पण त्याबरोबर हे पण विचारा की रात्री डॉक्टर कुठे असतात, जनरेटर आहे का, आणि रात्री माझ्याबरोबर कोण. एका ठिकाणी मला उत्तर मिळालं होतं की डॉक्टर रात्री गावात नसतात पण फोन उचलतात. तिथे मी गेले नाही, पगार दीड हजाराने जास्त होता तरी.

आमच्याकडे पण बेलचा घोळ होताच. बेल लाईटवर चालणारी, लाईट गेली की बेल गेली, थोड्या वेळाने मोबाईलची रेंज पण जायची, मग टॉर्च घेऊन जिना चढून दार वाजवायचं. मी दोन पावसाळे तसंच केलं. या मे महिन्यात सरांनी शेवटी सेलवर चालणारी बेल बसवली, बटण माझ्या टेबलावर. पहिल्याच रात्री २ वाजता हॉस्पिटलची मांजर टेबलावर चढून नेमकी त्यावर बसली. सर लुंगी सावरत धावत खाली, मी बाथरूममधून धावत बाहेर, मांजर जागची हलली नाही. सरांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खाली आलोच आहे तर म्हणून ७ नंबरचं बीपी घेतलं आणि वर गेले.