वाळपईच्या सर्व्हरकडे निघण्यापूर्वी

उद्या सकाळी साखळी-होंड्यावरून वाळपई गाठायची आहे, तेव्हा पिशवी आज रात्रीच भर. पतसंस्थेचा हा सर्व्हर एकदा उठला की महिनाभर तक्रार करत नाही. रिस्टार्ट केला की मात्र कधी उठतो, कधी मध्येच थिजतो. गणेश चवथ आठवड्यावर आली आहे. ठेवी काढायला रांगा लागतील आणि पावसात वीज जात-येत राहणार, म्हणजे रिस्टार्ट चुकणार नाहीत.

पिशवीच्याही आधी फोन. ‘हँग होतो’ एवढ्यावर समाधान मानू नकोस, मॅनेजरबाईंकडून थिजलेल्या पडद्याचा फोटो मागव. यंत्र बंद होतानाच अडकते, सुरुवातीच्या कंपनीच्या चिन्हावर अडकते, की लिनक्सच्या ओळी धावू लागल्यावर? तिन्ही आजार वेगळे, औषधेही वेगळी. तशा अवस्थेत कॅप्स लॉक दाबायला सांग. दिवा लागला-विझला तर बहुधा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जिवंत आहे आणि एखादी सेवाच वाट अडवून बसली आहे. मागे कायकाय जोडलेले आहे तेही विचार. म्हापशाला एका दुकानात दर चौथ्या-पाचव्या रिस्टार्टला यंत्र अडकायचे. आम्ही रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला, आणि शेवटी दोषी निघाली बॅकअपसाठी कायमची खोचून ठेवलेली यूएसबी डिस्क. ती गोष्ट मी अजून कोणाला चारचौघांत सांगत नाही.

बॅकअप आजच घ्यायला लाव, आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडतो का तेही बघायला सांग. न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवून मी यंत्राला हात लावत नाही.

आता पिशवी. दोन पेनड्राइव्ह घे, एकावर रॅम तपासणारा मेमटेस्ट, दुसऱ्यावर पेनड्राइव्हवरूनच चालणारे लिनक्स. साधा तारेचा कीबोर्ड, सिरियल केबल, मल्टिमीटर, टॉर्च, बोर्डासाठी सीआर २०३२ चा नवा सेल, रॅमची एक चांगली पट्टी, जादा पॉवर सप्लाय. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. खोडरबर नको, रॅमच्या टोकांवरचा सोन्याचा पातळ मुलामा त्याने झिजतो. वाळपईला किनाऱ्यासारखा खारा वारा नाही, पण पावसाच्या आकड्यांत तिचे नाव नेहमी वरच असते, आणि दमट हवेत सांध्यांवर बुरशीसारखा थर धरतो. सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांध.

पोचल्यावर लगेच स्क्रू सोडू नकोस. आधी मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्टेज बघ. दोन-तीन व्होल्टच्या वर गेले तर वायरमनला बोलाव, सर्व्हर नंतर. मग सर्व्हरच्या बोर्डावरच्या व्यवस्थापन चिपमधली घटनांची नोंद उतरवून घे. तिचे घड्याळ चुकलेले असू शकते. १९७० सालच्या तारखा दिसल्या तर घाबरू नकोस, पण आजची वेळ शेजारी लिहून ठेव. नोंद काठोकाठ भरली असेल तर काही यंत्रे पुढचे लिहीतच नाहीत, म्हणून उतरवल्यावर रिकामी कर. बायोस, म्हणजे यंत्राला उठवणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, त्याच्या सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो काढ. सेल बदलताना सेटिंग मूळ पदावर जाते, डिस्क वाचण्याची पद्धत बदलते, आणि मग जे यंत्र कधीकधी उठत नव्हते ते अजिबातच उठत नाही.

लिनक्समध्ये दोन गोष्टी. लिनक्सच्या सुरुवातीच्या ओळीतला, संदेश लपवणारा ‘क्वाएट’ शब्द काढून संदेश सिरियल केबलवर ११५२०० वेगाने लॅपटॉपवर घे. थिजण्याआधीची शेवटची ओळ पडद्यावरून निसटते, लॅपटॉपवर राहते. आणि जर्नल, म्हणजे लिनक्सची नोंदवही, डिस्कवर टिकते का ते तपास, मेमरीत असेल तर प्रत्येक रिस्टार्टला पुरावा पुसला जातो. वॉचडॉग चालू असेल तर तात्पुरता बंद कर. तो अडकलेल्या यंत्राला स्वतःच उठवतो, आणि तुला कळतही नाही की ते कुठे अडकले होते.

खरे काम मोजण्याचे आहे. उठल्यावर दोन मिनिटे थांबून वेळेची एक ओळ फाइलमध्ये लिहायची आणि पुन्हा रिस्टार्ट करायचे, अशी छोटी स्क्रिप्ट घरूनच तयार करून ने. तिला थांबवायची सोयही ठेव: ठरावीक नावाची फाइल दिसली की फेरी बंद. नाहीतर लॉगिन करेपर्यंत यंत्र पुन्हा खाली गेलेले असते. वीसांत एकदा अडकणारे यंत्र दुरुस्त झाले असे ९५ टक्के खात्रीने म्हणायचे तर ओळीने साठ रिस्टार्ट स्वच्छ जायला हवेत. एका फेरीला चार मिनिटे धरली तर चार तास. दहा फेऱ्या नीट गेल्यावर चहाला बसून ‘झाले’ म्हणणारे मी पुष्कळ पाहिले, त्यांत एकेकाळी मीही होतो.

पहिल्या फेऱ्या डिस्कना क्रमांक लिहून, त्या बाहेर ओढून, पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने घे. तरीही अडकले तर संस्थेचे सॉफ्टवेअर निर्दोष सुटले. मग वायर काढून अर्धा मिनिट थांबून सुरू करून बघ. तसे नेहमी उठते आणि फक्त रिस्टार्टला थिजते, तर एखादे कार्ड नीट रीसेट होत नाही किंवा बायोस जुना आहे, असा संशय धर. थंड यंत्रच अडत असेल तर पॉवर सप्लाय, सेल आणि सांधे. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर मोजणी पहिल्यापासून. बायोस अपडेट करायचाच झाला तर यूपीएसची बॅटरी आधी तपास, अर्ध्यात वीज गेली तर बोर्डच जाईल.

सगळे जुळल्यावर झाकण लावून पुन्हा दहा फेऱ्या घे. झाकण दाबताना केबल हलते.