युक्रेन युद्धावरील चेक जनमताचा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी

युक्रेन युद्धावरील चेक जनमत हा प्रबंधाचा विषय घेऊन प्रागला किंवा ब्रनोला येणाऱ्यांनी ‘चेक लोक युक्रेनच्या बाजूचे आहेत का?’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवावा, असे या विषयावर काम केल्यावर मी आवर्जून सुचवीन. निर्वासितांना आसरा, शस्त्रपुरवठा आणि रशियावरील निर्बंध यांबाबत एकाच माणसाची मते परस्परांपासून दूर असू शकतात.

आकडेवारीसाठी चेक विज्ञान अकादमीच्या समाजशास्त्र संस्थेतील सीव्हीव्हीएम हे जनमत संशोधन केंद्र उपयोगी पडते. मात्र टक्केवारीआधी प्रश्नावली वाचावी. निर्वासितांविषयीच्या तिच्या प्रश्नात कायम वसू द्यावे, मायदेशी परतता येईपर्यंतच ठेवावे आणि मुळीच घेऊ नये असे तीन पर्याय असतात. पहिल्या दोहोंची बेरीज केली की देश उदार दिसतो, केवळ पहिला पाहिला की हात आखडता घेणारा. दोन्ही मथळे आकड्यांना धरूनच असतात.

माध्यमांतील वादासाठी ३ सप्टेंबर २०२२ चा प्रागमधील वेन्सेस्लास चौकातला मोर्चा निवडावा. पोलिसांच्या अंदाजानुसार सुमारे ७०,००० लोक जमले होते. वीज-गॅसच्या दरांविरुद्धचा संताप आणि सरकारच्या राजीनाम्याची मागणी त्यात एकत्र आली होती. तत्कालीन पंतप्रधान पेत्र फियाला यांनी मोर्चा बोलावणारे रशियाधार्जिणे असल्याचे म्हटले आणि आयोजकांना लावलेली ही मोहोर बिलाने बेजार झालेल्या माणसालाही लावायची का, यावर वाद पेटला. माझ्या मते शस्त्रपुरवठ्यावरील कोणत्याही अग्रलेखापेक्षा हा वाद अधिक बोलका आहे. दुसरीकडे, मदतीचे समर्थक चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरच्या जर्मनीला देणारा १९३८ चा म्युनिक करार आणि ऑगस्ट १९६८ मध्ये त्या देशात शिरलेले सोव्हिएत रणगाडे यांचे दाखले देतात, त्यामुळे हा इतिहास पक्का असल्याशिवाय तेथील अग्रलेखांचा रोख कळत नाही.

वृत्तपत्राची मालकीही तारखेसह तपासावी. ‘म्लादा फ्रोंता द्नेस’ आणि ‘लिदोवे नोविनी’ ही दैनिके २०१३ मध्ये उद्योगपती व राजकारणी आंद्रेय बाबिश यांच्या अ‍ॅग्रोफर्ट उद्योगसमूहाकडे गेली होती, आणि जानेवारी २०२३ च्या अध्यक्षीय निवडणुकीत देशाला युद्धात ओढणार नसल्याचे फलक लावणारे उमेदवारही बाबिशच होते. शिवाय चेटेका या वृत्तसंस्थेची एकच बातमी अनेक ठिकाणी छापली जाते, तेव्हा लेखांची मोजणी करताना अशा प्रती आधीच वेगळ्या काढाव्यात.