कमी दिवसांच्या आणि पूर्ण दिवसांच्या बाळाची मज्जातंतूंची व स्नायूंची वाढ कशी पाहावी

नवजात बाळाचे मज्जातंतू आणि स्नायू कितपत तयार झाले आहेत, हे समजून घेण्यासाठी सुरुवातीला कोणतेही यंत्र लागत नाही. बाळ जागे आणि शांत असताना त्याचे हातपाय कसे पडले आहेत एवढे नीट पाहिले, तरी बरेच कळते. मात्र दिसते त्याचा अर्थ लावण्याआधी बाळाचे वय बरोबर मोजले पाहिजे, आणि घरोघरी सर्वांत जास्त चूक नेमकी इथेच होते.

गर्भाचे वय आईच्या शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवड्यांत मोजतात. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ ते कमी दिवसांचे, आणि त्यानंतर ४२ आठवड्यांच्या आत जन्मलेले ते पूर्ण दिवसांचे. कमी दिवसांच्या बाळासाठी दोन वये लिहून ठेवावीत: एक जन्मतारखेपासूनचे आणि दुसरे सुधारित. सुधारित वय काढण्यासाठी, ४० आठवड्यांना जितके आठवडे कमी पडले तितके जन्मतारखेपासूनच्या वयातून वजा करावेत. समजा, बाळ ३२ आठवड्यांचे असताना जन्मले आणि आज त्याला १६ आठवडे झाले, तर ४० उणे ३२ म्हणजे ८ आठवडे वजा करून त्याचे सुधारित वय ८ आठवडे येते. त्याच्याकडून दोन महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवावी, चार महिन्यांच्या बाळाइतकी नव्हे. हा हिशेब साधारणपणे दोन वर्षांपर्यंत ठेवतात. लसीकरण मात्र जन्मतारखेनुसारच होते, त्यासाठी सुधारित वय धरू नये.

हा हिशेब इतका महत्त्वाचा का, याचे कारण मज्जातंतूंच्या घडणीत आहे. मज्जातंतूंवर मेदाचे आवरण चढत जाते तसा त्यांतून जाणाऱ्या संदेशाचा वेग वाढतो. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळात हा वेग प्रौढ माणसाच्या सुमारे निम्मा असतो आणि कमी दिवसांच्या बाळात त्याहूनही कमी. बाळ लवकर जन्मले म्हणून ही घडण घाईने पूर्ण होत नाही, ती गर्भधारणेपासूनच्या वयानुसारच पुढे सरकते. ‘सातव्या महिन्यातले बाळ जगते, आठव्यातले जगत नाही’ ही समजूत आजही ऐकू येते, आणि ती पूर्णपणे चुकीची आहे. पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या मेंदूला, फुप्फुसांना आणि स्नायूंना बळ देणाराच असतो.

स्नायूंना विश्रांतीतही जो एक प्रकारचा ताठपणा असतो त्याला स्नायूंचा ताण म्हणतात; डॉक्टर बोलताना ‘टोन’ म्हणतात तो हाच. गर्भावस्थेच्या अखेरच्या तिमाहीत हा ताण पायांकडून डोक्याकडे चढत जातो. साधारण २८ आठवड्यांचे बाळ हातपाय पसरून सैल पडलेले असते. ३२ आठवड्यांच्या सुमारास मांड्या आणि गुडघे दुमडू लागतात, पण हात अजून सैल असतात. त्यामुळे या वयाचे बाळ बेडकासारखे पाय करून निजलेले दिसते. ३६ आठवड्यांपर्यंत कोपरेही वाकू लागतात, आणि पूर्ण दिवसांचे बाळ हातपाय पोटाशी घेऊन, मुठी मिटून, गोळा होऊन निजते. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत जागा अपुरी पडते, बाळ गर्भाशयाच्या भिंतीला लाथा मारते, ती भिंत त्याला पुन्हा दुमडते, आणि या रोजच्या रेटारेटीतून स्नायूंना व्यायाम घडतो. लवकर जन्मलेल्या बाळाला ही भिंत मिळत नाही. ते सपाट गादीवर पडून राहते आणि गुरुत्वाकर्षण त्याचे खांदे मागे व मांड्या बाहेर ओढत राहते. म्हणूनच ३० आठवड्यांना जन्मलेले बाळ ४० आठवड्यांचे झाले, तरी ते पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाइतके दुमडलेले दिसत नाही. हा फरक अपेक्षितच असतो, त्याने घाबरून जाऊ नये.

डॉक्टर हीच गोष्ट मोजून पाहतात. डुबोवित्झ पतिपत्नींनी १९७० मध्ये यासाठी एक गुणपद्धती मांडली; जीन बॅलार्ड यांनी १९७९ मध्ये तिचे सुटसुटीत रूप केले आणि १९९१ मध्ये अतिशय लवकर जन्मलेल्या बाळांसाठी तिचा विस्तार केला. बॅलार्ड गुणांकनात स्नायू व मज्जातंतूंच्या सहा खुणा असतात: निजण्याची ठेवण, मनगट किती वाकते, सरळ केलेला हात सोडल्यावर किती चटकन दुमडतो, गुडघ्यामागचा कोन, हात गळ्याभोवती शालीसारखा ओढला असता कोपर छातीच्या मध्यरेषेपलीकडे जाते का, आणि टाच कानाकडे कुठवर जाते. पूर्ण दिवसांच्या बाळाचे कोपर मध्यरेषेपर्यंत पोहोचत नाही आणि गुडघ्यामागचा कोन ९० अंशांच्या आसपास असतो, तर फार लवकर जन्मलेल्या बाळाचा पाय जवळजवळ सरळ होतो. या चाचण्या घरी करून पाहू नयेत, विशेषतः हात धरून बाळाला उठवून बसवणे किंवा दचकवण्यासाठी डोके खाली सोडणे हे तर मुळीच नको. पालकांनी पाहावे, पण ओढून पाहू नये. डॉक्टरांना मात्र निःसंकोच विचारावे की बाळाचा टोन त्याच्या आठवड्यांना साजेसा आहे का, आणि दोन्ही बाजूंना सारखा आहे का.

घरच्यांना सर्वांत सहज कळणारी खूण म्हणजे दूध पिणे. चोखण्याची हालचाल २८ आठवड्यांच्या सुमारास दिसू लागते, परंतु चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांना बसतो. त्याआधी बाळाला नळीने किंवा वाटी-चमच्याने, वा पळीने, आईचे काढलेले दूध देतात. हा बाळाचा आळस नसून त्याच्या मज्जासंस्थेचे वय आहे, हे आजीआजोबांना समजावून सांगावे. घाईने अंगावर पाजण्याचा हट्ट केल्यास दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. नळीने दूध चालू असताना डॉक्टरांच्या संमतीने बाळाला छातीशी धरून रिकाम्या स्तनाला लावल्यास चोखण्याचा सराव होतो.

बाळ दक्षता कक्षात असताना पालकांना करता येण्याजोगी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे कांगारू पद्धतीने छातीशी घेणे. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये ही पद्धत सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये, कमी दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांसाठी ती जन्मानंतर लगेच सुरू करावी आणि दिवसातून ८ ते २४ तास द्यावी, असे सुचवले. बाळाला फक्त लंगोट, टोपडे व मोजे घालून आईच्या, किंवा वडिलांच्याही, उघड्या छातीवर उभे धरावे. डोके एका बाजूला वळलेले व हनुवटी किंचित वर असावी, म्हणजे श्वासमार्ग मोकळा राहतो. कोपरे दुमडलेली आणि मांड्या बेडकासारख्या वाकलेल्या असाव्यात. मग वर कापडाची पट्टी नीट बांधावी. अशा वेळी गर्भाशयाची भिंत जे काम करत होती, ते काही अंशी आईची छाती करते.

पेटीत ठेवलेल्या बाळाभोवती परिचारिका कापडाच्या गुंडाळ्यांचे घरटे करतात, त्याचाही हेतू हाच असतो: हातपाय मध्यभागी यावेत, हात तोंडाजवळ पोहोचावेत आणि पायांना टेकायला काहीतरी मिळावे. बाळाला कुशीवर किंवा पोटावर निजवणे हे तिथे यंत्रांच्या देखरेखीखाली होते. घरी आल्यावर झोपेत बाळ नेहमी उताणेच असावे, कडक सपाट गादीवर, आणि जवळ उशी किंवा गुंडाळ्या नकोत.

घरी रोजच्या हाताळणीतच व्यायाम दडलेला असतो. लंगोट बदलताना दोन्ही घोटे धरून बाळाला उचलू नये. कुशीवर वळवून बदलावे. उचलताना कुशीवर घेऊन, हातपाय दुमडलेले ठेवून उचलावे, म्हणजे ते दचकत नाही आणि डोके मागे लटकत नाही. बाळ जागे असताना, आपण समोर बसून, दिवसातून अनेकदा दोन-तीन मिनिटे पोटावर ठेवावे. आरंभी आईच्या छातीवर रेलून ठेवले तरी चालते. मान आणि पाठ यांना याहून चांगला व्यायाम नाही. दुपट्यात बाळाचे पाय सरळ करून करकचून बांधण्याची पद्धत सोडून द्यावी. त्याने खुब्यांचे सांधे बिघडू शकतात. मालीश डॉक्टरांनी होकार दिल्यावर, हलक्या हाताने, खोबरेल तेलाने करावी. पायाला धरून उलटे करणे, सांधे कडाकडा ओढणे, डोके दाबून आकार देणे, नाकाकानात तेल घालणे हे सर्व थांबवायला हवे. बाळाला न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाईंचा अनुभव मोठा असतो, पण कमी दिवसांच्या बाळाचे सांधे त्या जोराला तयार नसतात, हे त्यांना आदराने पण स्पष्ट सांगावे. वॉकर आणूच नये. त्याने चालणे लवकर येत नाही, बाळ चवड्यांवर ढकलत राहते, आणि अपघात होतात ते वेगळेच.

पूर्ण दिवसांच्या बाळाकडे दुर्लक्ष होते, कारण ते ‘चांगले भरलेले’ असते. परंतु पूर्ण दिवसांचे बाळ सैल पडलेले असेल तर ते कधीच स्वाभाविक मानू नये. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणे, जंतुसंसर्ग, थायरॉइडची कमतरता, डाउन सिंड्रोम, किंवा स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीसारखा मज्जातंतूंचा आजार ही त्यामागची कारणे असू शकतात. शेवटच्या आजारात बाळाची नजर तरतरीत असते, ते माणसे ओळखू लागते, पण हातपाय मात्र हलवत नाही, आणि त्यामुळेच निदान लांबते. अवघड प्रसूतीनंतर एकच हात लुळा पडलेला दिसल्यास, खांद्याजवळील मज्जातंतू ताणला गेला असण्याची शक्यता असते. असे बहुतेक हात हळूहळू सुधारतात. तरीही तीन महिन्यांपर्यंत कोपर वाकवता आले नाही, तर तज्ज्ञ शल्यविशारदाचे मत उशीर न करता घ्यावे.

नवजात बाळाचे हातपाय थरथरले की घरात घबराट होते. अशा वेळी थरथरणारा हात किंवा पाय हलकेच धरून दुमडावा. धरल्यावर थरथर थांबली तर ती बहुधा फिट नसते, तरी रक्तातील साखर आणि कॅल्शियम तपासून घ्यावे. धरूनही झटके चालूच राहिले, किंवा डोळे एका जागी वळले, तोंड चावल्यासारखे हलू लागले, श्वास थांबला, तर तत्काळ रुग्णालयात न्यावे.

पुढील महिन्यांत ताणाची दिशा उलटते. नवजात बाळाची घट्ट मिठी हळूहळू सुटत जाते, आणि मानेपासून पायांकडे ताबा येऊ लागतो. सुधारित वय दोन महिने होईपर्यंत बाळ पाहून हसावे, चार महिन्यांपर्यंत मान धरावी, आणि नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसावे. तीन महिन्यांनंतरही मुठी सतत मिटलेल्या आणि अंगठा आत दडलेला असणे, पाय कात्रीसारखे एकमेकांवर जाणे, बाळ धनुष्यासारखे मागे ताणले जाणे, एक वर्षाच्या आतच एकाच हाताने सर्व काही करणे, या खुणा दिसल्या तर ‘लवकर जन्मले आहे, होईल हळूहळू’ म्हणत थांबू नये. कमी दिवसांच्या बाळाची भेट या खुणा नसल्या तरी ठरलेल्या वेळी व्हावी. मांड्यांमधला आणि गुडघ्यामागचा कोन दर तीन महिन्यांनी मोजून मागील नोंदीशी ताडला की ताण वाढतो आहे की सुटतो आहे हे कळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ही तपासणी आणि फिजिओथेरपी विनामूल्य मिळते. जाताना रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, बाळाचे जन्माच्या वेळचे आठवडे व वजन, आणि शक्य असल्यास बाळ हातपाय हलवत असतानाचा मोबाइलवर घेतलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ सोबत न्यावा. तपासणीच्या टेबलावर रडणारे बाळ घरी कसे हालचाल करते, हे डॉक्टरांना त्यातूनच पाहता येते.