बायपासनंतर दम पुरत नाही? तीन गोळ्यांचं मशीन असं वापरा

बाबांची बायपास झाली अन् घरी आलो तर ते स्पायरोमीटर, म्हणजे प्लास्टिकच्या तीन गोळ्यांचं फुप्फुसांच्या व्यायामाचं मशीन, आठवडाभर टीव्हीजवळ धूळ खात पडलं, कारण बाबा त्यात फुंकत होते अन् गोळी काही हलत नव्हती. अहो फुंकायचं नाही, ओढायचं! ताठ बसा, श्वास पूर्ण सोडा, मग नळी ओठांत घट्ट धरून हळूहळू ओढा, ६०० सीसी लिहिलेल्या खान्यातली गोळी वर गेली की ३ सेकंद धरून ठेवा. जागेपणी तासाला १० वेळा, चक्कर आली तर थांबा. छातीचं हाड कापलेलं, दुखतं म्हणून माणूस वरवरच श्वास घेतो अन् फुप्फुसाखालचा पडदा सुस्तावतो. खोकताना उशी छातीशी कवटाळा. चालणं सकाळी सहालाच, नागपूरच्या उन्हात नाही बाप्पा. आडवं झाल्यावर दम लागला तर मात्र थेट सर्जनला फोन.