जुन्या नासवर डेबियन चढवताना: आधी सिरीयल पिना, मग बाकीचं

अपडेट बंद झालेली नास, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाइल पुरवणारा डिस्कचा डबा, इंटरनेटला जोडून ठेवू नये. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह डब्यांतला डेटा जगभर परस्पर पुसला गेला. त्यांना शेवटचं अपडेट २०१५ साली मिळालं होतं. पण हार्डवेअर ठणठणीत असेल तर असा डबा घरचा फाइल सर्व्हर म्हणून अजून काही वर्षं सहज चालतो. त्यासाठी त्यावर डेबियन ही लिनक्स सिस्टिम चढवायची. इथलं वर्णन मार्व्हल कर्कवूड चिपच्या डब्यांचं आहे.

डेटा आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. काढलेली डिस्क पीसीवर माउंट झाली नाही तर घाबरू नका. डिस्क एकच असली तरी पुष्कळ कंपन्या तिच्यावर सॉफ्टवेअर रेड (डिस्क एकत्र जोडण्याची रचना) बनवतात. लिनक्सवरच्या एमडीएडीएम या साधनाने ते उभं केलं की फाइल दिसतात. स्मार्टमध्ये (डिस्कच्या तब्येतीच्या नोंदीत) पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, वाढत असतील तर ती डिस्क परत वापरू नका.

आता बोर्डवरच्या चार सिरीयल पिना शोधा; त्यांतून डबा सुरू होतानाचे संदेश पीसीवर दिसतात. त्या पिना पीसीला जोडणारा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतो. घेताना तो ३.३ व्होल्टचा आहे ना, हे बघा. ग्राउंडला ग्राउंड, टीएक्सला (पाठवणारी पिन) आरएक्स (घेणारी), आरएक्सला टीएक्स. चौथी पिन व्होल्टेजची, ती मोकळीच ठेवा. पीसीच्या सिरीयल पोर्टची जुनी आरएस-२३२ केबल थेट लावली तर चिप जळते. पीसीवरच्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये वेग ११५२०० बॉड ठेवा. स्क्रीनवर कचरा अक्षरं आली तर वेग किंवा ग्राउंड तपासा.

चालू करताच की दाबून यू-बूट (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) थांबवा आणि त्याची सगळी सेटिंग्ज छापून पीसीवर जपून ठेवा. मॅक पत्ताही (नेटवर्कवरचा डब्याचा ओळख क्रमांक) बहुधा त्यातच असतो. आतल्या फ्लॅशला हात लावू नका. डेबियन पेनड्राइव्हवर टाका आणि यू-बूटला आधी यूएसबी बघायला सांगा. पेनड्राइव्ह काढला की मूळ सिस्टिम परत येते. जुन्या यू-बूटला एक्स्ट-४ ही फाइलसिस्टिम वाचता येत नाही, म्हणून बूट पार्टिशन एक्स्ट-२ ठेवा. या चिपला डेबियनची आर्मेल आवृत्ती लागते, आर्मएचएफ चालत नाही. डेबियन १२ वरच थांबा, १३ मध्ये हिचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) नाही.

एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी फाइल) डिस्क यूयूआयडीने, म्हणजे तिच्या ओळख क्रमांकाने, लिहा आणि नोफेल हा पर्याय घाला. ते नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर डबा इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो, एसएसएचने दुरून आत शिरता येत नाही. घड्याळाला बॅटरी नसेल तर वीज गेल्यावर तारीख मागे जाते आणि एपीटी (सॉफ्टवेअर बसवणारं साधन) रिलीज फाइल अजून वैध नाही म्हणून अडून बसतं; वेळ जुळवणारी सेवा पहिल्याच दिवशी चालू करा.

पंख्याचं विसरू नका. तो मूळ फर्मवेअर सांभाळत होतं, डेबियनमध्ये ते काम आपलं. मुंबईच्या मे महिन्यात बंद कपाटात डिस्क सहज ५० अंशांपलीकडे जाते. डबा उघड्या फळीवर ठेवा, पावसाळ्यात खिडकीपासून लांब. डिस्क टकटक करत पुन्हापुन्हा सुरू होत असेल तर आधी १२ व्होल्टचा अडॅप्टर बदलून बघा. जुना झाला की डिस्क फिरायला लागतानाचा भार त्याला झेपत नाही.

२५६ एमबी रॅममध्ये सांबा (फाइल वाटणारा) आणि आरसिंक (फाइल कॉपी करणारा) निवांत चालतात. डॉकर किंवा नेक्स्टक्लाउडसारखे जड प्रोग्रॅम या डब्यावर लादू नका.