जर्मनीत मित्र राहायला येतोय? आधी चावीचं बघा

गेल्या मे महिन्यात माझा कॉलेजचा मित्र पुण्याहून दहा दिवस माझ्याकडे म्युनिकला आला होता आणि तिसऱ्याच दिवशी बनियन-बर्मुड्यावर दीड तास जिन्यात बसला. कचरा टाकायला खाली गेला आणि मागे दार लागलं. इथल्या फ्लॅटच्या दारांना बाहेरून फिरवायचं हँडल नसतं, नुसता गोळा असतो, दार लागलं की चावीशिवाय उघडत नाही. फोन आत, चावी आत, मी ऑफिसात. समोरच्या आजींनी त्याला कॉफी आणि शाल दिली, आणि त्याला जर्मन येत नाही नि त्यांना इंग्लिश येत नाही तरी दोघांनी दीड तास गप्पा मारल्या म्हणे. कुलूपवाला बोलावला असता तर खिसाच कापला गेला असता.

तर पहिली गोष्ट, जादा चावी. बऱ्याच बिल्डिंगच्या चाव्या कोपऱ्यावरच्या दुकानात बनत नाहीत, घरमालकाकडचं कार्ड लागतं, त्यामुळे हे काम पाहुणा यायच्या आदल्या दिवशी काढू नका. आणि चावी दोरीला बांधून पाहुण्याच्या गळ्यात घाला. हसू दे त्याला.

आता व्हिसा. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, फी ९० युरो, मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात पण कधी ४५ सुद्धा लागतात, आणि अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, म्हणून 'तिकीट स्वस्त मिळालं रे' असा मेसेज आला की आधी विचारा, अपॉइंटमेंट घेतलीस का. मित्राच्या बँकेत पुरेसे पैसे दिसत असतील तर तुमचं साधं आमंत्रणाचं पत्र आणि राहायचा पत्ता चालून जातो. नसतील तर तुम्हाला परदेशी नागरिकांच्या ऑफिसात जाऊन हमीपत्र करावं लागतं, त्याचं जर्मन नाव फेअरप्फ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग, एका दमात म्हणता आलं तर नागरिकत्व द्यायला हरकत नाही. फी २९ युरो, सोबत तुमच्या पगाराच्या स्लिपा. सही करण्याआधी नीट वाचा, कारण पाहुणा आजारी पडला आणि सरकारला खर्च करावा लागला तर तो तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. मैत्री किती घट्ट आहे ते इथे कळतं. आणखी एक, अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे जास्त दिवस राहणार. जर्मनीचा व्हिसा घेऊन सात दिवस पॅरिस आणि तीन दिवस माझ्याकडे, असला प्लॅन घेऊन येऊ नकोस म्हणून आधीच सांगा.

सामानाचं बोललंच पाहिजे. मित्र निघाला हे आपल्या आईला कळलं की त्याच्या बॅगेतले निदान आठ किलो आपले होतात. पण युरोपच्या बाहेरून येणाऱ्या माणसाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे पेढे, साजूक तूप, श्रीखंड सगळं बाद. फळं-पालेभाज्यांना वनस्पती आरोग्याचं सर्टिफिकेट लागतं, त्यातून सूट फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियनला, म्हणजे हापूस नाही आणि ताजा कढीपत्तासुद्धा नाही. मित्र निघायच्या आदल्या रात्री मी व्हिडिओ कॉलवर त्याला बॅग उघडायला लावली, तर कपड्यांच्या मधोमध वर्तमानपत्रात गुंडाळलेले डझनभर आंबे. आईला फोन करून ते परत घ्यायला लावले, ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ, बाकरवडी खुशाल आणा. लोणच्याची बरणी तीन पिशव्यांत आणि चेक-इन बॅगेत, हे मी अनुभवाने सांगतोय, कुठला ते विचारू नका.

पहिल्या संध्याकाळी जेवायच्या आधी घर दाखवा, म्हणजे खरंच दाखवा. बाथरूममध्ये शॉवरच्या बाहेर जमिनीवर पाणी ओतायचं नाही, तिथे मोरीसारखी जाळी नसते, पाणी खालच्यांच्या छतात जातं. टॉयलेटमध्ये पाण्याचा मग ठेवा, न विचारता ठेवा, बिचारा विचारणार नाही. नळाचं पाणी प्यायचं, बाटल्या विकत आणायच्या नाहीत, आणल्याच तर फेकायच्या नाहीत कारण एका प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट परत मिळतात. आणि खिडकी! हँडल आडवं केलं की खिडकी दारासारखी उघडते, वर केलं की वरून आत कलते, आणि मधेच कुठेतरी अडकवून ओढलं तर ती एकाच बिजागरीवर लटकते आणि पाहुणा दोन्ही हातांनी अख्खी खिडकी धरून तुमच्या नावाने ओरडतो. तुटलेली नसते, शांतपणे परत दाबून हँडल फिरवायचं. पण हे आधी दोनदा करून दाखवलंत तर त्याचा बीपी वाढणार नाही.

रविवारी दुकानं बंद. अगदी बंद. शनिवारी संध्याकाळी दूध-ब्रेड-कांदे भरून ठेवा. रविवारी व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचा नाही, काचेच्या रिकाम्या बाटल्या बाहेरच्या बाटल्यांच्या कुंडीत टाकायच्या नाहीत, आणि रात्री दहानंतर गॅलरीत जुन्या आठवणी काढून खदाखदा हसायचं नाही. हे शेवटचं आम्हाला जमलं नाही.

मुख्य म्हणजे तुम्हाला दहा दिवस सुट्टी मिळणार नाहीये. मी तीन घेतल्या. त्यामुळे पाहुण्याला दुसऱ्या दिवशीच एकट्याला बाहेर सोडता आलं पाहिजे. त्याच्याबरोबर एकदा मशीनवरून तिकीट काढा, आणि पट्टीवालं तिकीट, म्हणजे एका कार्डावर अनेक प्रवासांच्या पट्ट्या असतात ते, शिक्का मारल्याशिवाय चालत नाही हे ठसवा, नाहीतर साध्या कपड्यातला तपासनीस ६० युरो घेतो, 'मी टुरिस्ट आहे' याला इथे काही किंमत नाही. डॉइचलांड-टिकेट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या-बसचा महिन्याचा पास, २०२६ पासून ६३ युरोला आहे, ते घ्यायचं ठरलं तर त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत कॅन्सल करा, ते वर्गणीसारखं असतं, पाहुणा घरी पोचतो आणि पैसे कापले जातच राहतात. दोघा-तिघांनी मिळून कुठे जायचं असेल तर बायर्न-टिकेट, म्हणजे बव्हेरिया राज्यातल्या लोकल गाड्यांचं एका दिवसाचं तिकीट, बरं, पाच जणांपर्यंत चालतं, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधी नाही.

पैशाचं पहिल्याच दिवशी बोला. आपल्याकडे पाहुण्याला पाकीट काढू देणं म्हणजे अपमान, पण दहा दिवस रोज बाहेर दोघांचं बिल भरलंत तर सहाव्या दिवशी मनात हिशेब सुरू होतो आणि तो चेहऱ्यावर दिसतो. आमचं ठरलं होतं, घरातलं सगळं माझं, बाहेरचं ज्याचं त्याने. तो म्हणाला, "बरं झालं बोललास, मला वाटलं मीच काढू का विषय."

बघायचं काय हे यूट्यूबवर मिळेलच. नॉयश्वानश्टाइनचा किल्ला बघायचा तर ठरलेल्या वेळेचं तिकीट ऑनलाइन काढा, खालच्या गावातून वर चढायला अर्धा-पाऊण तास धरा, वेळ चुकली की तिकीट गेलं. रविवारी पिनाकोटेक म्युझियमं एक युरोत बघता येतात. डाखाऊच्या छळछावणीला तिकीट नाही, पण तिथून आल्यावर त्याच दिवशी शॉपिंग ठेवू नका, माणूस गप्प होतो.

पण त्याला सगळ्यात आवडलं ते हिर्शगार्टन. बव्हेरियाच्या पारंपरिक बियर गार्डनमध्ये स्वतःचं खाणं घरून नेता येतं, फक्त पिणं तिथूनच घ्यायचं आणि टेबलक्लॉथ नसलेल्या टेबलांवर बसायचं. आम्ही त्याने आणलेल्या भाजणीची थालीपिठं, लोणी आणि लसणाची चटणी डब्यात घालून नेली. शेजारच्या बाकावरचे दोन म्हातारे मुळा नि प्रेट्झेल खात होते, त्यांनी एक थालीपीठ मागून घेतलं, चटणीला हात लावला आणि मग त्यांची बियर जरा भराभर संपली.

परत पाठवताना एकच लक्षात ठेवा. एअरपोर्टला जाणारी एस-१ लोकल नॉयफान स्टेशनला दोन भागांत तुटते, मागचे डबे एअरपोर्टला आणि पुढचे फ्रायझिंगला. त्याला मागे बसवा, आणि शक्य असेल तर स्वतः सोबत जा, कारण चावी त्याच्या गळ्यातच राहिलेली असते.