कॉम्प्रेसर घेताना टाकी बघून भुलू नका

पंक्चरच्या दुकानासाठी पहिला कॉम्प्रेसर घेताना मी नुसती टाकी केवढी ते बघितलं. फसलो. टाकी हवा साठवते, तयार करत नाही. आधी सीएफएम विचारा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा मिळते. मोटरच्या एका एचपीला (हॉर्सपॉवर) ढोबळमानाने 3-4 सीएफएम धरा. दुचाकीच्या टायरला 30-35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतं, तिथे 1 एचपीचा सिंगल स्टेज, म्हणजे हवा एकदाच दाबणारा, चालतो. ट्रकला 100च्या वर लागतं. रोज ट्रक येत असतील तर टू स्टेजच, म्हणजे हवा दोन टप्प्यांत दाबणारा, घ्या. रंगकाम असेल तर स्प्रे गनवरचा आकडा वाचून त्याच्या दीडपट हवेचं मशीन बघा. दातांच्या दवाखान्याला मात्र ऑइल-फ्रीच.

आणि रोज संध्याकाळी प्रेशर उतरवून टाकीखालचा कॉक हळूच उघडा, म्हणजे आत साठलेलं पाणी निघून जातं. पावसाळ्यात आमच्याकडे पेलाभर तांबूस पाणी निघतं.